एमबीबीएसनंतर लसविकासात जायचंय: एमडी कशात करावी, आणि पीएचडी लागतेच का?

पायरीचा_आंबा

नमस्कार. सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपत आलीय. पुढे वर्षभराचा बॉण्ड (सक्तीची सरकारी सेवा) आणि नीट-पीजी. दवाखाना टाकायचा नाही हे नक्की. संसर्गजन्य रोगांच्या लसींवर काम करायचं आहे. पण या वाटेची चौकशी केली की एकतर "मग एमएस्सी करायची होतीस, एमबीबीएसची सीट कशाला अडवलीस" असं ऐकावं लागतं, नाहीतर "कंपनीत मेडिकल अ‍ॅडव्हायझर हो" एवढ्यावर विषय मिटतो.

जाणकारांना विचारायचं ते असं. लस तयार होण्याच्या कामात डॉक्टर नेमका कुठे लागतो? मायक्रोबायोलॉजी, पीएसएम (सामुदायिक आरोग्यशास्त्र), पेडिअ‍ॅट्रिक्स, फार्माकॉलॉजी यांतलं काय घ्यावं? पीएचडी आधी, नंतर, की नकोच? आणि भारतात राहून हे होतं का? गुळगुळीत सल्ले नकोत. रोजचं काम काय असतं ते सांगितलंत तर उपकार होतील.

शीतपेटी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे म्हणून ते आधी: होतं. ११६ई हा रोटाव्हायरस (बाळांना जुलाब करणारा विषाणू) १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला. बाळांना संसर्ग झालेला, पण जुलाब नाहीत. डॉ. महाराज किशन भान यांनी तो धागा सोडला नाही. एमबीबीएस पुण्याच्या एएफएमसीतून, एमडी चंदीगडच्या पीजीआयमधून, विषय पेडिअ‍ॅट्रिक्स. त्याच विषाणूपासून भारत बायोटेकने रोटाव्हॅक ही लस केली. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले, २०१६ मध्ये लस सरकारी लसीकरणात आली. तीस वर्षांचा हिशेब आहे हा, तो आधीच मनात धरा. याच लसीवर काम केलेल्या डॉ. गगनदीप कांग यांचं एमबीबीएस आणि मायक्रोबायोलॉजीतलं एमडी वेल्लोरच्या सीएमसीतलं, वर पीएचडी. एकाच लसीच्या कहाणीत दोन वेगळ्या विषयांचे एमडी आहेत, तेव्हा "योग्य विषय एकच" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता डॉक्टर कुठे लागतो ते. अँटिजेन (जंतूचा जो भाग शरीर ओळखतं तो) निवडणं, तो पेशींत वाढवणं, शुद्ध करणं, साखरेची साखळी प्रथिनाला जोडणं हे काम बहुतेक करून बायोकेमिस्ट, व्हायरॉलॉजिस्ट आणि प्रोसेस इंजिनिअर यांचं. तिथे एमबीबीएसमुळे काही विशेष फायदा होत नाही. तुमची गरज पडते ती पाच गोष्टी ठरवताना: लस कोणाला द्यायची, "आजार झाला" कशाला म्हणायचं, त्रास झाला तर तो लसीमुळे की योगायोगाने, चाचणी कधी थांबवायची, आणि ही लस त्या देशाच्या वेळापत्रकात आणि खिशात बसते का.

यातलं दुसरं कलम सगळ्यात कमी लेखलं जातं. टायफॉइडच्या व्हीआय-टीटी लसीची (जंतूच्या साखरेची साखळी प्रथिनाला जोडलेली, म्हणजे संयुग्मित) ऑक्सफर्डमध्ये स्वयंसेवकांना मुद्दाम जंतू पाजून चाचणी झाली, निष्कर्ष २०१७चे. "१२ तास ३८ अंश ताप किंवा रक्तात जंतू" अशी व्याख्या धरली तर परिणामकारकता ५४.६ टक्के. "आधी ताप आणि मग कल्चर पॉझिटिव्ह", म्हणजे खऱ्या आयुष्यात रुग्ण ज्या क्रमाने आपल्याकडे येतो ती व्याख्या धरली तर ८७.१ टक्के. लस तीच, माणसं तीच. पुढे नेपाळमध्ये वीस हजार मुलांत प्रत्यक्ष वस्तीत चाचणी झाली तेव्हा आकडा ८१.६ आला. आजार अंगावर पाहिलेला माणूस व्याख्या लिहायला बसला की फरक पडतो तो असा. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये हीच संयुग्मित लस सरकारी मोहिमेत दिली, त्यामागे असल्याच आकड्यांची ताकद असते.

पाचव्या कलमासाठी मेनअफ्रिव्हॅक या लसीची कहाणी वाचून काढा. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिस ए साठीचा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, प्रमुख डॉ. मार्क लाफोर्स. आधी तिथल्या आरोग्य खात्यांना परवडेल ती किंमत ठरली: डोसला ५० सेंटच्या आत. त्या किमतीतून बाकी सगळं आपोआप ठरत गेलं. अनेक प्रकारांऐवजी फक्त ए, आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, जोडणीचं तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून आणलेलं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. हे निर्णय पिपेट हातात धरून होत नाहीत.

एमडीबद्दल माझं मत: ज्या आजाराचा शेवट मोजायचा आहे त्याच्या जवळचा विषय घ्या. लहान मुलांच्या लसी करायच्या तर पेडिअ‍ॅट्रिक्स, कारण १४ आठवड्यांच्या बाळाला पोटदुखी आहे की आतड्यात आतडं अडकलंय हे ठरवायची वेळ येते. प्रतिपिंडं आणि चाचण्या आवडत असतील तर मायक्रो. वस्तीत हजारो लोकांवर काम करायचं तर पीएसएम. फार्माकॉलॉजी घेतली तर पुढे क्लिनिकल फार्माकॉलॉजीत डीएम (एमडीनंतरची पदवी) करता येतं (मुंबईत केईएमला आहे), आणि पहिल्या टप्प्याच्या चाचण्या, औषध नियंत्रक, कंपन्या या बाजूला वाट जाते. मेडिसिन करून संसर्गरोगांत डीएम हाही रस्ता आहे, लांबचा.

पीएचडी: मला विचाराल तर एमडीनंतर, आणि तीसुद्धा प्रश्न हातात असेल तरच.

रक्तनमुना

शीतपेटींच्या बऱ्याचशा मुद्द्यांशी सहमत, पण "पिपेट हातात धरून होत नाहीत" यावर हरकत. चाचणीचा अर्धा निकाल प्रयोगशाळेत लागतो, आणि तिथे काय बिघडतं हे कळत नसलेला डॉक्टर फक्त सही करणारा उरतो. निदान एक मोजमाप सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे.

सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) घ्या, सगळ्यात साधं. लाल झाकणाची नळी, ३० ते ६० मिनिटं खोलीच्या तापमानाला गोठू द्यायची, सेंट्रिफ्यूजमध्ये १००० ते १३०० जीला (गुरुत्वाच्या इतक्या पट बळाने) १० मिनिटं फिरवायची, लगेच छोट्या कुप्यांत वाटून उणे ८० मध्ये. घाईत पंधरा मिनिटांत फिरवली की सीरममध्ये फायब्रिनच्या तारा येतात आणि पिपेटचं टोक चोंदतं. सुई बारीक आणि ओढ जोराची झाली की पेशी फुटून नमुना लाल होतो. एकच मोठी कुपी ठेवली की प्रत्येक चाचणीला ती वितळवायची आणि पुन्हा गोठवायची, म्हणून ०.२ ते ०.५ मिलीच्या चार-पाच कुप्या. लेबल उणे ८० ला टिकणारं हवं. साध्या स्टिकरचा गोंद सुटतो आणि मग डब्याच्या तळाशी लेबलं एकीकडे, कुप्या दुसरीकडे.

टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) पाहायच्या असतील तर काम दसपट कठीण. हेपरिनचं रक्त ८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचलं पाहिजे, आणि ते बर्फात घालून न्यायचं नाही. सम प्रमाणात बफर मिसळायचं, १.०७७ घनतेच्या फायकॉल या द्रवावर हलकेच सोडायचं, ४०० जीला ३० मिनिटं, ब्रेक बंद ठेवून. ब्रेक चालू राहिला की थर ढवळला जातो आणि हव्या त्या पेशींची मधली पांढरी रेघच सापडत नाही. रक्त शिळं झालं तर ग्रॅन्युलोसाइट्स (नको असलेल्या पांढऱ्या पेशी) हलके होऊन त्या रेघेत घुसतात आणि पुढचे सगळे आकडे खाली येतात. गोठवताना ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रावक), मिनिटाला साधारण एक अंश या वेगाने उणे ८०, मग काही दिवसांतच द्रव नायट्रोजनमध्ये. उणे ८० मध्येच महिनोन्‌महिने पडून राहिल्या तर वितळवल्यावर जिवंत पेशी ७० टक्क्यांच्याही खाली जातात आणि तो नमुना बाद.

आता यात डॉक्टरचा संबंध कुठे? मोठ्या माणसाच्या १ मिली रक्तातून साधारण १० लाख पेशी मिळतात. एलिस्पॉटच्या (टी-पेशींचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) एका खड्ड्यात २ लाख पेशी घालायच्या, प्रत्येक पेप्टाइड संचाचे (जंतूच्या प्रथिनांचे तुकडे) तीन खड्डे, शिवाय धन आणि ऋण नियंत्रण. हिशेब करा. सहा आठवड्यांच्या बाळाकडून २-३ मिली रक्त घ्यायला आई-बाप कसेबसे तयार होतात. वजावाट आणि वाया जाणं धरलं तर दोन-तीन पेप्टाइड संचांपलीकडे प्रश्न विचारता येत नाहीत. प्रोटोकॉलमध्ये मात्र कोणीतरी उत्साहात दहा लिहिलेले असतात. हे कागदावरच पकडणारा माणूस म्हणजे दोन्ही बाजू कळणारा डॉक्टर.

एलायझा (प्लेटवर प्रतिपिंडं मोजायची चाचणी) करणार असाल तर तीन गोष्टी: एका माणसाचा शून्य दिवसाचा आणि २८व्या दिवसाचा नमुना एकाच प्लेटवर लावायचा, अँटिजेनचा एकच लॉट (एका वेळी बनवलेली खेप) अख्ख्या अभ्यासाला पुरेल एवढा आधीच बाजूला काढायचा, प्रत्येक प्लेटवर तेच संदर्भ-सीरम. कोण लस गटात आणि कोण दुसऱ्या, हे प्रयोगशाळेला कळता कामा नये.

आणि संरक्षणाचे आकडे, म्हणजे रक्तात किती प्रतिपिंडं असली की संरक्षण धरतात ते, पाठ असू द्या: हिपॅटायटिस बी ला १० एमआययू प्रति मिली, रेबीजला ०.५ आययू प्रति मिली, हिबला (बाळांत मेंदूज्वर करणारा एक जंतू) अल्पकाळासाठी ०.१५ आणि दीर्घकाळासाठी १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, फ्लूला एचआय टायटर (किती पातळ केलं तरी प्रतिपिंडं दिसतात ते) १:४०. टीबीसाठी असा सर्वमान्य आकडाच नाही, आणि टीबीच्या लसीच्या चाचण्या एवढ्या मोठ्या आणि लांब का होतात त्याचं एक कारण हेच.

पीएचडी लवकर. तिशीच्या आत हाताला जी सवय लागते ती पस्तिशीत ओपीडी सांभाळून लागत नाही.

पायरीचा_आंबा

दोघांचेही आभार. प्रतिसाद जपून ठेवलेत. दोन शंका. एमबीबीएसवर थेट पीएचडीला प्रवेश मिळतो का? आणि चाचणीत किती माणसं लागतात हे कोण ठरवतं, डॉक्टर की संख्याशास्त्रज्ञ? आमच्या पीएसएमच्या पुस्तकात सूत्र आहे, पण त्यातला "पी" (आजाराचं अपेक्षित प्रमाण) कुठून आणायचा ते कोणी सांगत नाही.

दशांशचिन्ह

"पी" कुठून आणायचा हाच खरा प्रश्न. सूत्र संगणक सोडवतो. तो "पी" डॉक्टरने आणायचा असतो आणि नेमका तिथेच घोटाळा होतो.

समजा प्रत्येक गटात ५००० माणसं आणि लस खरोखर ६० टक्के परिणामकारक. लस न मिळालेल्यांत वर्षाला २ टक्के लोक आजारी पडतात असं धरलं तर तिकडे १०० रुग्ण, लस गटात ४०. ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असतो तो) साधारण ४२ ते ७२ येते, छान आहे. पण तो २ टक्क्यांचा आकडा इस्पितळाच्या नोंदींवरून काढलेला निघाला आणि वस्तीत प्रत्यक्ष दर अर्धा टक्काच असला, तर रुग्ण २५ आणि १०. मर्यादा सुमारे १७ ते ८१. लस तेवढीच चांगली, पण "निदान ३० टक्के तरी" हे सिद्ध करता येत नाही आणि चाचणी पडते. म्हणून मोठ्या चाचण्यांत माणसांच्या संख्येपेक्षा "इतके रुग्ण जमेपर्यंत" अशी अट घालतात. आणि म्हणूनच चाचणीआधी वर्ष-दोन वर्षं त्याच गावात आजाराचा दर मोजत बसावं लागतं. पुण्याजवळ वढूला केईएम रिसर्च सेंटरने लोकसंख्येची कायमची नोंदवही ठेवली आहे, तिचा उपयोग हाच.

रोटाव्हॅकच्या चाचणीत दिल्ली, पुणे, वेल्लोर मिळून ६७९९ बाळं होती, लस आणि प्लासिबो २ : १. "तीव्र जुलाब" म्हणजे वेसिकारी मोजपट्टीवर २० पैकी ११ किंवा जास्त गुण. परिणामकारकता ५३.६ टक्के. आकडा लहान वाटेल, पण आजाराचं ओझं एवढं मोठं की निम्मे तीव्र रोटा-जुलाब टळणं ही छोटी गोष्ट नव्हे.

सुरक्षिततेचा हिशेब वेगळा. ३००० जणांत एकालाही एखादा त्रास झाला नाही, तर एवढंच म्हणता येतं की तो त्रास बहुधा हजारात एकापेक्षा कमी आहे. तीन भागिले माणसं, तोंडी हिशेब. अमेरिकेत रोटाशील ही लस १९९९ मध्ये मागे घ्यावी लागली ती आतडं अडकण्यामुळे, सुमारे दहा हजारांत एक. इतकी दुर्मीळ गोष्ट काही हजारांच्या चाचणीत निसटणारच. पुढच्या दोन रोटा लसींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांवर गेल्या त्या यामुळे.

उत्पादनाच्या बाजूनेही संख्याशास्त्र येतं. तीन लॉट एकसारखे आहेत हे दाखवायचं तर प्रतिपिंडांच्या भूमितीय सरासरीचं गुणोत्तर आणि त्याची विश्वासमर्यादा साधारणपणे ०.६७ ते १.५ च्या आत बसवावी लागते. एका लॉटचे नमुने वेगळ्या महिन्यात, वेगळ्या तंत्रज्ञाने तपासले तर लॉट सारखे असूनही गुणोत्तर बाहेर जातं. रक्तनमुना यांनी एका प्लेटचा मुद्दा मांडलाय तो इथेही लागू.

मुक्काम_पोस्ट

वरची मंडळी व्याख्या आणि प्लेटांत रमली आहेत. रोजचं काम विचारलं होतं, ते मैदानावरचं सांगतो.

चाचणीच्या जागी प्रमुख अन्वेषक म्हणून डॉक्टरची सही लागते, आणि जबाबदारीही त्याचीच. नियम २०१९चे, न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स. परवानगीसाठी अर्ज सीटी-०४, परवानगी सीटी-०६ वर. जनुकीय बदल केलेला जंतू असेल तर त्याआधी संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम ही समिती. एथिक्स कमिटी नोंदणीकृत हवी. पहिला माणूस घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंद झालीच पाहिजे, नंतर केलेली नोंद चालत नाही. गंभीर घटना घडली की २४ तासांत औषध नियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी तिघांना कळवायचं, १४ दिवसांत विश्लेषणासह अहवाल. इथे नेहमी होणारी चूक: "लसीशी संबंध नाही" असं स्वतःच ठरवून कळवायचं राहून जातं. बाळ दुचाकीवरून पडून भरती झालं तरी ती गंभीर घटनाच. कारण नंतर पाहू, कळवणं आधी.

संमती हा सही घेण्याचा सोपस्कार नाही. सही-तारीख आईने स्वतःच्या हाताने घालायची. निरक्षर असेल तर अंगठा आणि निष्पक्ष साक्षीदार, आणि तो साक्षीदार आपल्याच टीममधला नको. ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी अनुमती, त्यापुढे १८ पर्यंत लेखी. संमतीची वेळ ११:१० आणि रक्त काढल्याची वेळ १०:५५ असं कागदावर दिसलं की तपासनीस तिथेच पेन खाली ठेवतो.

डोस दिल्यावर किमान ३० मिनिटं नजरेखाली. डायरी कार्ड ७ दिवसांचं: ताप, सूज, लाली, रडणं. घरी थर्मामीटर आणि पारदर्शक पट्टी द्यायची, सूज मिलिमीटरमध्ये मोजायला शिकवायचं. न शिकवता दिलं तर सगळी कार्डं सातव्या दिवशी संध्याकाळी एकाच पेनाने भरलेली येतात. काखेतला आणि तोंडातला ताप एकाच रकान्यात मिसळू देऊ नका. तुरटीयुक्त (अ‍ॅल्युमिनियमचा क्षार घातलेली) लस गढूळ आणि सलाइन स्वच्छ दिसतं, म्हणून सिरिंजला अपारदर्शक पट्टी, आणि टोचणारी नर्स पुढच्या मूल्यमापनात नको.

आपल्याकडचं वेळापत्रक बनवताना दोन गोष्टी विसरल्या की चाचणी गळते. बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, बाळ तिथेच नोंदवलं जातं आणि तिसऱ्या महिन्यात सासरी गेलं की १४ आठवड्यांचा डोस आणि पुढचं रक्त दोन्ही हुकतं. नोंदणी करतानाच सासरचा पत्ता आणि तिथला एक फोन घ्या, आणि दोन्ही गावं आपल्या गाडीच्या टप्प्यात आहेत का ते पाहा. दुसरं, बीड-अहिल्यानगर पट्ट्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सहा महिन्यांचा पाठपुरावा त्या काळात लावणं म्हणजे स्वतःच खड्डा खणणं.

फ्रीज: लस २ ते ८ अंश, सतत नोंद करणारा लॉगर आत, आणि पाहायचा तो किमान आकडाही. गरम होण्याची सगळ्यांना धास्ती असते. तुरटीयुक्त लस गोठली तर तीही वायाच जाते आणि बाहेरून कळत नाही. वीज गेल्यावर जनरेटर कोण चालू करणार त्याचं नाव आणि फोन भिंतीवर, रविवारचासुद्धा.

कागदपत्रांचा कंटाळा येत असेल तर मुल्कोवालचं प्रकरण वाचा. १९०२ मध्ये पंजाबात प्लेगची लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. कुपी परळच्या प्रयोगशाळेतून गेलेली, ठपका ती लस बनवणाऱ्या हाफकिन यांच्यावर. लशीत कार्बोलिक घालणं त्यांनी सोडून उष्णतेवर भरवसा ठेवला होता, तेच त्यांच्याविरुद्ध आलं. गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच कुपीचं बूच काढलं गेलं, हे मान्य होऊन त्यांची सुटका व्हायला १९०७ उजाडलं. जाता जाता, हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. तेव्हा "एमबीबीएसशिवाय लस होत नाही" असंही कोणी म्हणू नये.

टेम्सकाठी

परदेशाबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये डॉक्टर-संशोधकांसाठी वेगळी शिडी आहे: अ‍ॅकॅडेमिक क्लिनिकल फेलो असताना साधारण २५ टक्के वेळ संशोधनाला, मग पीएचडी, मग क्लिनिकल लेक्चरर असताना ५० टक्के. पण आधी जीएमसीची (तिथली मेडिकल कौन्सिल) नोंदणी आणि चुरस मोठी. अमेरिकेत सरकारी पैशावरच्या एमडी-पीएचडी जागा तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. बाहेरून जाणाऱ्यांसाठी मेडिसिन रेसिडेन्सीतला संशोधन-मार्ग जास्त व्यवहार्य, त्यात तीन वर्षं ८० टक्के वेळ संशोधनाचा. फक्त लसशास्त्रच शिकायचं तर युरोपातली इरास्मस मुंडसची लाइव्ह ही मास्टर्स आहे. फ्रान्समध्ये आनसीला अ‍ॅडव्हॅक हा दोन आठवड्यांचा कोर्स असतो, पण तो हाती काम असलेल्यांसाठी. त्याच धर्तीवर वेल्लोरला इंडव्हॅक होतो, तो आधी पाहा.

शीतपेटी

पायरीचा_आंबा, पीएचडीच्या प्रवेशाबद्दल. सीएसआयआर-नेटला (फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा) एमबीबीएस चालते, टक्क्यांची अट आहे. म्हणजे पुण्यात एनसीसीएस, आयसर, एनआयव्ही किंवा फरिदाबादला टीएचएसटीआय अशा संशोधन संस्थांत अर्ज करता येतो. प्रत्येकाची जाहिरात वाचून घ्या, काही ठिकाणी स्वतंत्र मुलाखत असते. फेलोशिप २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ फेलो) महिना ३७,०००, दोन वर्षांनी एसआरएफला (वरिष्ठ फेलो) ४२,०००, अधिक घरभाडं. तुमचा रूममेट तेव्हा मेडिकल ऑफिसर म्हणून याच्या दुप्पट घेत असेल. घरी हे आधीच बोलून ठेवा, दुसऱ्या वर्षी दिवाळीला बोलण्यापेक्षा बरं.

रक्तनमुना म्हणतात ते लवकर पीएचडीचं गणित प्रयोगशाळेतल्या कामासाठी बरोबर आहे. पण एमबीबीएस-पीएचडी झालेल्याला एमडीशिवाय मेडिकल कॉलेजात क्लिनिकल विभागात जागा नाही आणि चाचणीत प्रमुख अन्वेषक व्हायचं तर प्रोटोकॉलला साजेशी पात्रता मागतात, म्हणजे बाळांच्या चाचणीला बहुधा पेडिअ‍ॅट्रिशियन. उलट एमडीनंतर इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थ फेलोशिप, आयसीएमआरचे प्रकल्प, कॉलेजातलं एमआरयू (संशोधन युनिट) अशी दारं उघडतात. तिथे अर्ज करताना एकच गोष्ट लेखी घ्या: आठवड्यातले किती दिवस ओपीडी, वॉर्ड आणि परीक्षा यांतून मोकळे. तोंडी आश्वासनावर विसंबलं की अनुदान मिळतं आणि वेळ मिळत नाही.

रक्तनमुना

प्रमुख अन्वेषकाचा मुद्दा मान्य. तरी मधला मार्ग सुचवतो: एमडीचा प्रबंधच नमुन्यांवर घ्या. "अमुक रुग्णालयातील तमुक रुग्णांचा अभ्यास" असा सर्व्हे नको. लसीनंतरची प्रतिपिंडं, १००-१५० माणसं, दोन वेळा रक्त, एक एलायझा नीट प्रमाणित करून. तीन वर्षांत हात बसतो आणि पीएचडी करायची की नाही ते तुमचं तुम्हालाच कळतं. गाइड निवडताना त्यांचे पेपर मोजू नका. त्यांच्या उणे ८० फ्रीजरची यादी संगणकावर आहे का ते विचारा.

पायरीचा_आंबा

हे फार कामाचं आहे. शेवटचं विचारतो: बॉण्ड ग्रामीण भागातल्या पीएचसीत लागणार असं दिसतंय. ते वर्ष वाया जाऊ नये म्हणून काय करता येईल? एसटीएस (छोटी संशोधन-शिष्यवृत्ती) करावी का?

मुक्काम_पोस्ट

आयसीएमआरची एसटीएस शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी असते, ती वेळ गेली. पीएचसीत मात्र लस शिकायला भरपूर आहे, फक्त फार्मासिस्टवर सोडून देऊ नका.

पहिल्या आठवड्यात आयएलआर (लसींचा फ्रीज) उघडा. तळाशी आणि कडेला काय ठेवलंय ते बघा; गोठल्यावर बाद होणाऱ्या पेंटा, टीडी, हिपॅटायटिस बी या लसी तळाला टेकलेल्या असतील तर टोपलीत वर घ्या. तापमानाची वही सकाळ-संध्याकाळ खरंच भरली जाते की महिनाअखेरीस, हे लॉगरशी ताडून पाहा. गोठल्याचा संशय आला तर शेक टेस्ट स्वतः करा: त्याच लॉटची एक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवून वितळवायची, दोन्ही एकत्र हलवायच्या, शेजारी ठेवून अर्धा तास बघायचं. संशयित कुपीचा साका गोठवलेल्या कुपीइतक्याच किंवा जास्त वेगाने खाली बसला तर ती फेकायची. संशयित कुपी अगोदरच घट्ट गोठलेली सापडली तर टेस्ट करायचीच नाही, सरळ बाद. सत्राला निघताना बर्फाचे पॅक घाम येईपर्यंत बाहेर ठेवून मगच कॅरिअरमध्ये. गोवर-रुबेला आणि बीसीजी सोबतचं द्रावक मिसळल्यावर चार तासच. एएनएमने कुपीवर वेळ लिहिली आहे का ते पाहा.

लसीनंतरच्या गंभीर घटनेचा पहिला फॉर्म तुम्हालाच भरायचा आहे. लस कधी, त्रास कधी, त्याच कुपीतून आणखी कोणाला दिली, त्यांचं काय झालं, हे चार रकाने त्याच दिवशी घरी जाऊन भरा. दोन दिवसांनी आई-बापांना वेळा आठवत नाहीत आणि राज्याच्या समितीला मग "वर्गीकरण अशक्य" लिहावं लागतं. कारणमीमांसा शिकायला याहून चांगली जागा नाही.

आणि रात्री वेळ मिळेल तेव्हा चेन्नईच्या एनआयईचा आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांचा ऑनलाइन कोर्स आणि एक जीसीपीचं (चाचणी नीट करण्याचे नियम) प्रमाणपत्र उरकून घ्या. नंतर कुठल्याही चाचणीच्या जागी सबइन्व्हेस्टिगेटर म्हणून नाव घालायचं तर बायोडेटासोबत पहिल्याच दिवशी तेच मागतात.